ताईंना विचारा: चर्चमागच्या चाळीत रोज मारहाण होते, आम्ही काय करायचं?

प्रश्न: ताई, सलाम. मी ऐरोलीचा, वय २६, आमच्या मंडळीच्या तरुण संघात आहे. साठेक कुटुंबं आहेत, बरीचशी नगर-जालन्याकडची. चर्चच्या मागेच चाळी आहेत, तिथे दारूवरून रोज रात्री मारहाण होते आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्याही दोन-तीन घरांत तेच चालूय. आम्ही पोरांनी दारूविरोधी रॅली काढायचं ठरवलं, बॅनरपण छापायला टाकणार होतो, पण कमिटीतले वडीलधारे म्हणतात चर्च भक्तीसाठी आहे, समाजसेवेला एनजीओ आहेत. पाळकसाहेब दोघांच्या मध्ये अडकलेत. आमचं चुकतंय का?

उत्तर: सलाम रे. तळमळ चुकीची नाही तुझी, पण बॅनर आधी थांबव.

वडीलधाऱ्यांशी भांडू नकोस, त्यांच्यासोबत बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडून बस, सहावा अध्याय. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं म्हणून कुरकुर सुरू झाली, म्हणजे तक्रार मंडळीच्या आतलीच होती. प्रेषित म्हणाले की वचनाची सेवा सोडून आम्ही वाढायला बसणं बरं नाही, आणि बरेच जण तेवढंच वाक्य धरून ठेवतात, पण पुढे वाचा ना, त्यांनी काम टाळलं नाही, सात माणसं नेमली. त्यांची नावं बघ, स्तेफन, फिलिप्प, निकानोर, सातही नावं ग्रीक. ज्या बाजूची तक्रार होती त्या बाजूच्या माणसांच्या हातात वाटप गेलं असं दिसतं. आता तुझं पत्र परत वाच, "आम्ही पोरांनी ठरवलं" असं लिहिलंयस. मार खाणाऱ्या एका तरी बाईला विचारलंत का, तिला रॅली हवीय की अजून काही?

हे मी तुला दोष द्यायला नाही लिहीत, माझ्याच हातून हे झालंय. बरीच वर्षं झाली, ठाण्यातल्याच एका मंडळीत एक बाई यायची, ऐन मे महिन्यात लांब बाह्यांचा ब्लाउज, पंख्याखालची जागा रिकामी असली तरी शेवटच्या बाकावर बसायची. एका रविवारी भक्तीनंतर आम्ही चौघीजणींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मग नवऱ्याला बोलावलं, दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले आणि घरी पाठवलं, आम्हाला किती बरं वाटलं त्या दिवशी. रात्री तिला नेहमीपेक्षा जास्त मार बसला, चर्चमध्ये माझी अब्रू काढलीस म्हणून. तिला एकटीला बाजूला घेऊन, आज घरी जायची भीती वाटते का, एवढं आमच्यातल्या एकीनेही विचारलं नव्हतं. अजून तो ब्लाउज डोळ्यासमोर येतो माझ्या.

म्हणून सांगते, मारहाण असेल तिथे समेट घडवायला जाऊ नका, निभावून घे असं तर अजिबात सांगू नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात तिला मदत करायला सरकारने नेमलेला संरक्षण अधिकारी असतो, राहत्या घरातून तिला असंच बाहेर काढता येत नाही, आणि वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, जीव धोक्यात असेल तर ११२. हे नंबर लेडीज टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, तिथे तिला एकटीला वाचता येतात.

आणि प्लीज, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "अमुक बहिणीसाठी प्रार्थना करा, नवरा मारतो" असले मेसेज टाकणं बंद करा, नवरापण त्याच ग्रुपमध्ये असतो रे!

दारूचं वेगळं. आपल्याकडे पुढे बोलावून शपथ घ्यायला लावतात, भाऊ रडतो, सगळे हालेलुया म्हणतात. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हातपाय कापतात, भास होतात, फिट येऊ शकते, त्यात माणूस जाऊही शकतो. म्हणून शपथेच्या आधी डॉक्टर, सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत सोबत जा, लाइनमध्ये उभे राहा. नंतर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या, मीटिंगा असतात, फी नसते, घरच्यांसाठी अल-अनॉन असतं. बऱ्याच ठिकाणी या मीटिंगा चर्चच्या हॉलमध्येच होतात, तुमचा हॉल आठवड्यातून एक संध्याकाळ द्यायला कमिटी नाही म्हणणार नाही असं मला वाटतं.

सगळं आपणच करायचं असंही नाही. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या अनोळखी माणसाच्या जखमा तेल-द्राक्षारस ओतून बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले आणि म्हणाला, जास्त लागले तर परत येईन तेव्हा देईन. रिक्षाभाडं, वकिलाकडे सोबत जाणं, महिन्याने परत जाऊन विचारणं, हे तुमचं काम. आणि त्याने त्या माणसाला धर्म विचारला नव्हता. चाळीतली बाई मदतीला आली तर तिला रविवारी भक्तीला बोलावण्याची अट घालू नका, आडूनसुद्धा नको, नाहीतर गरज असूनही उद्या दुसरी कोणी यायची नाही.

वडीलधाऱ्यांना पंडिता रमाबाईंची आठवण करून दे. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणलं, आणि प्रार्थनेसोबत विणकाम, छपाई, शेती शिकवली, म्हणजे पोरी पोटापुरतं कमवू शकतील. केडगावात भक्ती आणि समाजसेवा असे दोन वेगळे भाग कोणी पाडले नव्हते.

महिला मंडळाची पुढची बैठक असेल तेव्हा दोन मोठ्या बायकांना तयार कर, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते अशा. तू स्वतः तिथे बसू नकोस, चहाचं बघ. त्यांनी काय ऐकलं ते नावं न घेता मला लिहून पाठव, मग बॅनरचं बोलू.