क्लोनला कलम का म्हणू नये?

प्रश्न असा आहे : 'गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाचे "जीएच" हे कमांड लाइनवरचे साधन कसे वापरावे, यावर मी मराठीत टिपणे लिहितो आहे. "जीएच रेपो क्लोन" या आज्ञेतल्या क्लोनला प्रत म्हणावे, नक्कल म्हणावे की प्रतिकृती? शिवाय फोर्क आणि पुल रिक्वेस्ट यांना काय म्हणावे?'

प्रत नको, नक्कल नको, प्रतिकृतीही नको. आणि चौथा शब्द तुम्ही विचारलेला नाही, पण तो मला रोज ऐकावा लागतो : 'डाउनलोड'. 'रेपो (म्हणजे प्रकल्पाचे कोडभांडार) डाउनलोड केला' असे म्हणणारे दहा वर्षे गिट (कोडमधले बदल नोंदवणारे साधन) वापरत असतात, तरी म्हणतात. डाउनलोड केलेल्या झिप फायलीत कोडचे आजचे रूप तेवढे येते. क्लोन केल्यावर आजवरची प्रत्येक कमिट (म्हणजे बदलांची नोंद), प्रत्येक शाखा, कोणी कधी कोणती ओळ बदलली याचा सगळा इतिहास आपल्या यंत्रावर उतरतो, आणि हे सगळे कुठून आणले त्याचा पत्ताही 'ओरिजिन' या नावाने नोंदला जातो. उद्या मूळ जागा बंद पडली तरी तुमच्याकडे असलेल्यावर काम पुढे चालू राहते. प्रत वाढत नाही. हे वाढते. वाढणाऱ्या गोष्टीला वाढणाऱ्या गोष्टीचेच नाव हवे, आणि तसे नाव इंग्रजीने दिलेलेच आहे. आपण ते उलगडून पाहत नाही, एवढेच.

क्लोन म्हटले की लोकांना 1996 साली जन्मलेली डॉली मेंढी आठवते. मेंढीचा या शब्दाशी संबंध फार उशिरा आला. हा शब्द झाडांचा आहे. ग्रीक भाषेत 'क्लोन' म्हणजे डहाळी, आणि तो 'मोडणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे, म्हणजे झाडावरून मोडून घेतलेली डहाळी. 1903 साली हर्बर्ट वेबर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने तो विज्ञानात आणला, तो बी न पेरता डोळा, फांदी, कंद किंवा मुनवे लावून वाढवलेल्या झाडांसाठी. आता सांगा, मोडून घेतलेल्या डहाळीपासून वाढवलेल्या झाडाला मराठीत काय म्हणतात? कोकणातल्या कोणत्याही रोपवाटिकेत जाऊन विचारा. कलम म्हणतात.

देवगडपासून रत्नागिरीपर्यंतचा अस्सल हापूस वेबरच्या अर्थाने क्लोनच आहे. कोय पेरली की रायवळ उगवतो, त्याचा गुण काय निघेल ते सांगता येत नाही. हापूस हवा तर हापूसच्या झाडाची कलमकाडी घेऊन ती खुंटावर बांधावी लागते. ज्या झाडाची काडी घेतली त्याला रोपवाटिकेत मातृवृक्ष म्हणतात. 'ओरिजिन'ला याहून नेमका शब्द मला दाखवा. आणि इतिहासाचे म्हणाल, तर कलम लहान असतानाच मोहरते, कारण काडी प्रौढ झाडाची असते. कोयीपासून वाढलेले झाड बालपणापासून सुरुवात करते, कलम आईचे वय सोबत घेऊन येते. गिटचा क्लोन हेच करतो, पहिल्या दिवशीच तो मूळ रेपोइतक्या वयाचा असतो. कोणी म्हणेल की 'डेप्थ 1' असा पर्याय देऊन केलेल्या क्लोनमध्ये इतिहास येत नाही. बरोबर आहे, आणि म्हणूनच गिटचे स्वतःचे दस्तऐवज त्याला उथळ क्लोन म्हणतात. विशेषण लावावे लागते यातच नियम काय आहे ते दिसते.

इथे दोन गट माझ्यावर चालून येतात, तेही परस्परविरुद्ध बाजूंनी.

पहिला गट म्हणतो, कलम हा शब्द परका, अरबी. भाषाशुद्धीचा मी विरोधक नाही. सावरकरांचा 'महापौर' मी आनंदाने वापरतो. पण ज्या शब्दाने लेखणीला नाव दिले, कायद्याचे तुकडे पाडले आणि कोकणातल्या बागा उभ्या केल्या, तो परका कसा? त्याच्या जागी 'प्रतिकृती' बसवून काय मिळते? प्रतिकृती शिवरायांच्या पुतळ्याची असते, रायगडाची दिवाळीत मुलांनी केलेली असते. ती जिवंत नसते.

दुसरा गट अधिक त्रासदायक, कारण तो पुरावा घेऊन येतो. त्यांचे म्हणणे, कलम संस्कृतच आहे आणि तो इथूनच अरबस्तानात गेला. पुरावा म्हणून कालिदासाच्या रघुवंशाच्या चौथ्या सर्गातले वंगराजे पुढे केले जातात. रघूने त्यांना उखडले आणि पुन्हा त्यांच्या जागी रोवले, तेव्हा ते 'कलमा इव', 'उत्खातप्रतिरोपिताः', फळांनी त्याची भर करू लागले. श्लोक अप्रतिम आहे. पण तिथला कलम म्हणजे भात आहे! उपटून पुन्हा लावलेले भाताचे रोप, म्हणजे आपली भातलावणी. लेखणीच्या कलमाशी त्याचे नाते नाही, आणि ते का नाही हे ध्वनीच सांगतात.

लेखणीचा कलम अरबीत आला तो ग्रीक 'कालमोस'वरून. अर्थ बोरू, वेत. त्याचे सख्खे भाऊ लॅटिनमध्ये 'कुल्मुस', म्हणजे देठ, आणि रशियनमध्ये 'सलोमा', म्हणजे पेंढा. आता पाहा, ग्रीक आणि लॅटिनमध्ये क आहे तिथे रशियनमध्ये स आहे. अशा ठिकाणी संस्कृतात सहसा श येतो. ग्रीक 'देका', आपले 'दश'. ग्रीक 'हेकातोन', आपले 'शत', रशियन 'स्तो'. तेव्हा कालमोसचा भाऊ संस्कृतात वारशाने आला असता तर त्याची सुरुवात श ने झाली असती, क ने नव्हे. लेखणीच्या अर्थाने 'कलम' संस्कृत कोशांत सापडतो तो बाहेरून आलेला पाहुणा. तो आपल्याकडे आला, रमला, यात कमीपणा काय आहे? पण त्याला घरचा ठरवण्यासाठी कालिदासाचे भात वेठीला धरू नका.

आता भाताचा विषय निघालाच आहे, तर माझा एक जुना तर्क सांगतो. आपल्या 'कोलम' तांदळात, त्या पालघर जिल्ह्यातल्या वाड्याच्या कोलममध्ये, कालिदासाचा 'कलम'च लपलेला असावा असे मला वाटते. पुरावा म्हणाल तर माझ्याकडे नाही, फक्त आवाज जुळतो आणि दोन्ही भातच आहेत. मला यावर विरोधी मते सांगितली गेली आहेत, कोणी त्याचा उगम दक्षिणेत शोधतो. तेव्हा हा नुसता तर्कच समजा.

असो, लेखणीकडे परत. फारसीत बोरू छाटून कलम होते, म्हणून छाटून लावलेली काडीही कलमच, आणि म्हणूनच 'डोके कलम करणे'ही. म्हणजे ग्रीकांनी डहाळी मोडली आणि तिला क्लोन म्हटले, फारसी माणसाने बोरू छाटला आणि त्याला कलम म्हटले. शब्द वेगळे, कुळे वेगळी (क्लोन आणि कलम एकाच मुळाचे आहेत असे कोणी सांगितले तर मानू नका), पण तोडून घेतलेल्या तुकड्यातून अख्खे झाड उभे राहते ही कल्पना दोघांची एकच. असा योग कोशात क्वचित येतो. मला तो सापडला त्या रात्री झोप आली नव्हती.

तेव्हा बिनधास्त लिहा : 'जीएच रेपो क्लोन, पुढे मालकाचे नाव, तिरकी रेघ, रेपोचे नाव, एवढे लिहिले की रेपोचे कलम तुमच्या यंत्रावर बांधले जाते.' पूर्ण पत्ता लिहावा लागत नाही. आज्ञा मात्र क्लोन हीच टंकायची, तिचे भाषांतर यंत्राला कळणार नाही.

फोर्क, म्हणजे दुसऱ्याच्या रेपोपासून आपल्या खात्यात काढलेला वेगळा रेपो. याला फाटा म्हणा. एसटीने फिरलेल्या माणसाला फाटा समजावून सांगावा लागत नाही. फक्त क्लोन आणि फोर्क यांची सरमिसळ थांबवा. गिटमध्ये फोर्क नावाची आज्ञाच नाही. गिट 2005 सालचे, लिनक्सचा निर्माता लिनस टॉरव्हाल्ड्सचे. फोर्कचे बटण नंतर गिटहबने दिले. 'जीएच रेपो फोर्क' केले की फाटा फुटतो तो गिटहबच्या सर्व्हरवर, तुमच्या खात्यात. तुमच्या यंत्रावर तो आपोआप येत नाही, त्यासाठी कलम बांधावे लागते, आणि ते बांधायचे का हे 'जीएच' तिथेच विचारू शकते. आणि स्वतःच्या फाट्याचे कलम 'जीएच'ने बांधले की ते साधन मूळ रेपोचा पत्ताही 'अपस्ट्रीम' या नावाने आपणहून जोडते. मातृवृक्षाचाही मातृवृक्ष! पूर्वी फोर्क म्हणजे भांडून वेगळे होणे असे. 2010 साली ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरमधून लिब्रेऑफिस फुटले ते तसे. आता रोज असंख्य फाटे फुटतात ते परत येऊन मिळण्यासाठी.

पुल रिक्वेस्ट राहिली. 'पुल' ऱ्हस्व लिहा. दीर्घ लिहिलात तर नदीवरचा पूल होतो, आणि मी तो छापील पुस्तकात पाहिला आहे. 'पुल रिक्वेस्ट पुश केली' असेही म्हणू नका. पुश करतात त्या कमिट, रिक्वेस्ट नुसती करतात. 'माझे बदल तुम्ही ओढून घ्या' अशी ती विनंती आहे. लिनक्स कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) लोक टॉरव्हाल्ड्सला ईमेलने अशीच विनंती करतात, आणि गिटमध्ये 'रिक्वेस्ट-पुल' ही आज्ञा आजही आहे. गिटलॅबवाले तिला मर्ज रिक्वेस्ट म्हणतात, त्यावरून 'विलीन-विनंती' करता येईल. मला तो शब्द आवडलेला नाही. दुसरा सुचेपर्यंत पीआर, म्हणजे पुल रिक्वेस्टचे लघुरूपच लिहा.