हिशेब मांडला तर विश्वास कमी होतो का?

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो, तरी वीस तारखेनंतर हातात काही उरत नाही. पगार झाला की मिस्टर आधी दशमांश, म्हणजे देवासाठी उत्पन्नाचा दहावा भाग, काढतात. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, एखादं खास दान गोळा होत असेल, तर त्यालाही नाही म्हणत नाहीत. खर्चाचा विषय काढला की म्हणतात, "देव पुरवील, तू विश्वास ठेव." तूट मी क्रेडिट कार्डावर भागवत आले आणि दरमहा किमान रक्कम तेवढी भरते. हे त्यांना ठाऊक नाही. आता मंडळीतल्या एका बांधवाच्या कर्जाला ते जामीन राहणार म्हणतात. मी अडवलं तर माझा विश्वास कमी पडला असं होईल का?

उत्तर : प्रिय ताई, ख्रिस्तामध्ये सलाम.

नाही, तसं होणार नाही. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेत नाही काय, असं प्रभू येशूनेच विचारलं आहे (लूक १४:२८). तो दाखला शिष्य होण्याची किंमत समजावण्यासाठी आहे, हे खरं. पण आधी बसून हिशेब करणं हे शहाण्या माणसाचं काम, हे त्याने त्यात गृहीतच धरलं आहे.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते कार्डाचं. तुम्ही उधळपट्टी केली नाहीत, घर चालवलंत. पण त्यामुळे तुमच्या यजमानांना वाटतंय की देव पुरवतोय, आणि प्रत्यक्षात पुरवतंय कार्ड. त्यांना पूर्ण चित्र कधी दिसलेलंच नाही. महिन्याला ३ टक्के व्याज धरलं तर चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं, आणि काहीच न भरल्यास दोन वर्षांत रक्कम दुप्पट होते. किमान रक्कम भरून तुम्ही बहुतेक व्याजच फेडताय. तेव्हा याच आठवड्यात त्यांना सांगा. सगळा आकडा सांगा, थोडा कमी करून नको. ते रागावतील. रागावू द्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

बसाल तेव्हा आधी प्रार्थना करा आणि बायबलमधल्या २ राजे ४ या अध्यायातली विधवेची गोष्ट दोघांनी मिळून वाचा. सावकार तिची मुलं दास म्हणून न्यायला आला होता. अलीशा संदेष्ट्याने तिला विचारलं, तुझ्या घरात काय आहे? तिच्याकडे फक्त कुपीभर तेल होतं. ते तेल चमत्काराने वाढल्यावर त्याने सांगितलं की ते विकून कर्ज फेड आणि उरेल त्यावर तू व तुझी मुलं जगा. चमत्कार झाल्यावरसुद्धा देणं आधी फेडायचं होतं. "देव पुरवील" म्हणणाऱ्या माणसाला हा अध्याय जड जाणार नाही, उलट आपला वाटेल.

मग एकाच कागदावर दोघांचा हाती येणारा पगार लिहा आणि मागच्या तीन महिन्यांचा खरा खर्च, बँकेची आणि कार्डाची स्टेटमेंट समोर ठेवून. बहुतेकांचं बजेट कोलमडतं ते वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांमुळे. विम्याचा हप्ता, शाळेची फी, नाताळ. यांची बेरीज करून १२ने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळी ठेवा. यातला एकही खर्च अचानक आलेला नसतो. कार्ड कपाटात ठेवून द्या. आणीबाणीसाठी थोडी रक्कम साठली की बाकी सगळा जोर कार्डाचं देणं फेडण्यावर लावा. मिसरात योसेफाने पुढच्या दुष्काळासाठी सुकाळाच्या सात वर्षांत धान्याचा पाचवा हिस्सा राखून ठेवायला सांगितला होता. तो बचतीचा टप्पा तुमच्यासाठी कर्ज फिटल्यानंतरचा.

दशमांशाबद्दल मंडळ्यांमध्ये वेगवेगळी मतं आहेत. माझं विचाराल तर यजमानांच्या मनाला तो इतका महत्त्वाचा असताना तो बंद करायला मी सांगणार नाही. घरात त्यावरून भांडण लागलं तर कर्जही फिटायचं नाही. मात्र त्यावरची खास दानं कर्ज फिटेपर्यंत थांबवा. माणसाजवळ जे आहे त्या मानाने दिलेलं मान्य होतं, जे नाही त्या मानाने नव्हे, असं प्रेषित पौल लिहितो (२ करिंथ ८:१२). कार्डावर घर चालवून दिलेलं खास दान हे जवळ नसलेल्यातून दिलेलं आहे. यजमानांना हे पटत नसेल, तर दोघं मिळून पाळकांना भेटा आणि आकडे त्यांच्यासमोर ठेवा.

आता जामीन. नीतिसूत्रे २२:२६-२७ मध्ये स्पष्ट ताकीद आहे की फेडायला काही नसताना जामीन राहशील तर अंगाखालचं अंथरूणही जाईल. तुमच्याजवळ आज फेडायला काही नाही. बांधवाची अडचण खरी असेल तर त्याला जमेल ती लहानशी रक्कम परतफेडीची अपेक्षा न ठेवता द्या, किंवा त्याचा हिशेब मांडायला त्याच्यासोबत बसा. नकार द्यायला मात्र यजमानांना एकट्याला पाठवू नका. दोघांनी जाऊन सांगा, आणि कागदपत्रं तयार होण्याआधी सांगा.