अभिसंधान आणि सांधा

प्रश्न : मानसशास्त्रातलं 'अभिजात अभिसंधान' (क्लासिकल कंडिशनिंग) आणि 'साधक अभिसंधान' (ऑपरंट कंडिशनिंग) यांत फरक काय? कोपरीतल्या आमच्या सोसायटीत कचरा वेगळा न करणाऱ्याला दंड आहे. ते साधक अभिसंधानातलं नकारात्मक प्रबलन ना?

नाही, ती शिक्षा. ही गल्लत शिकलेली माणसंही सर्रास करतात. प्रबलन म्हणजे बळ देणं. वागणूक वाढली तरच ते प्रबलन. गाडीतली टींटीं पट्टा लावला की थांबते, म्हणून पुढच्या वेळी हात आधीच पट्ट्याकडे जातो. हे नकारात्मक प्रबलन : नकोशी गोष्ट निघून गेली. घोडबंदर रोडवर चलन आलं आणि वेग उतरला, ती शिक्षा.

आता खरी गंमत, 'अभिसंधान' या शब्दाची. अनुभवातून नवी जोडणी शिकणं, ते अभिसंधान. 'धा' म्हणजे ठेवणं. 'सम्' लागला की एकत्र ठेवणं, जोडणं. त्यातून संधान, संधी आणि आपला सांधा. ठाणे स्टेशनाजवळ लोकल रूळ बदलते तोही सांधाच. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलोव्हने कुत्र्यांवर हेच केलं, ते अभिजात अभिसंधान. अन्न तोंडात पडलं की लाळ, हा रूळ कुत्र्यात उपजतच. घंटेचा फाटा त्याला सांधला. घंटा अन्नाच्या किंचित आधी हवी. नंतर वाजवली तर सांधा जवळजवळ बसतच नाही. अन्नाविना नुसतीच वाजत राहिली तर लाळ ओसरते, ते विलोपन. कुत्र्याने काही करायचं नसतं, लाळ गळो न गळो, अन्न येतंच. तेव्हा 'पावलोव्हने बक्षीस दिलं' हे वाक्य मुळातच चूक.

साधक अभिसंधान अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरचं. त्याच्या पेटीत मात्र उंदराने दांडी दाबली तरच दाणा. आणि गीतेच्या सतराव्या अध्यायात राजस यज्ञाबद्दल काय म्हटलंय? 'अभिसंधाय तु फलम्', फळावर डोळा ठेवून! म्हणजे 'अभि'सकट हा शब्द शोभतो स्किनरलाच. पावलोव्हला नुसतं 'संधान' पुरे. उंदराचा 'डोळा' स्किनरला पटला नसता, तो मागे मिळालेल्या फळांचाच हिशेब मांडे. पण फळाशिवाय त्याचंही पान हलत नाही.

'अभिजात' तर पाठ्यपुस्तकवाल्यांचा आळस. इथे 'क्लासिकल' म्हणजे फक्त आधी अभ्यासलेलं. त्यात कुलीन काय आहे? 'अभिजात भाषा' ठीक, अभिजात लाळ कसली?

सोसायटीला प्रबलनच हवं असेल तर ओला-सुका वेगळा देणाऱ्या घराला त्याच दिवशी काहीतरी मिळू द्या. महिनाअखेरच्या बिलातली सवलत फार उशिरा येते. तोवर कोणत्या कृतीचं ते फळ, हा सांधाच निखळलेला असतो.