भक्ती मोप, पण भावार्थ?

एका वाचकाने विचारलं आहे: मालवणजवळच्या गावातले ख्रिस्ती आजोबा दर वर्षी फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, बँडचा आणि रोषणाईचा खर्च उचलणाऱ्या एका गृहस्थांबद्दल म्हणाले, "भक्ती मोप आसा, भावार्थ नाय." म्हणजे भक्ती पुष्कळ आहे, भावार्थ नाही. भावार्थ तर कवितेचा असतो, मग माणसात तो नाही म्हणजे काय? आजोबांचा शब्द चुकला का? त्यांच्या आठवणी लिहून काढताना तिथे 'श्रद्धा' लिहिलं तर चालेल का?

शब्द मुळीच चुकलेला नाही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात ख्रिस्ती घरांमध्ये भावार्थ म्हणजे देवावरचा विश्वास, आणि तो धरणारा तो भावार्थी. इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण, म्हणजे ओव्यांतली ख्रिस्तकथा, १६१६ साली गोव्यातल्या राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. त्यातल्या मराठी ओव्यांतही भावार्थी आहेतच. आपल्या डोक्यात प्रश्नपत्रिकेतला 'भावार्थ लिहा' इतका घट्ट बसला आहे की हा दुसरा अर्थ ऐकला की चूकच वाटते.

आजोबांच्या वाक्यातली खरी गंमत क्रियापदांत आहे. भक्ती आपण करतो. भाव मात्र असतो, धरतो, ठेवतो. 'भाव करणे' म्हटलं की आपण थेट मासळीबाजारात जातो आणि पापलेटाच्या वाट्यावर घासाघीस सुरू होते. भक्ती मोजता येते: किती मेणबत्त्या, नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या किती नोवेना, बँडला किती दिले. म्हणूनच तिला 'मोप' लागतं. 'भावार्थ मोप आसा' असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तो आसा नाहीतर नाय.

पण यावरून आजोबा बाहेरच्या भक्तीला नावं ठेवत होते, असं कृपा करून लिहू नका. वाटेवरच्या खुरसाला, म्हणजे क्रुसाला, अबोलीचा वळेसर घालतात, समोर लदीन ही प्रार्थना म्हणतात, मग पोरांच्या ओंजळीत उकडलेले चणे पडतात. हे सगळं बाहेरचंच आहे, आणि त्यात भावार्थ ओतप्रोत असू शकतो. उलट, आमच्या शेजारची म्हातारी तिन्हीसांजेला पडवीत बसून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. गळ्यात काही नाही. मण्यांची माळ लुगड्याच्या ओच्यात, बोटं आतल्या आत सरकत असायची. कुणी आलं तर 'बस' म्हणून मान हलवायची, पण मणी सोडायची नाही. तिला भाविक म्हटलं असतं तर ती संकोचली असती.

बायबलच्या मराठी भाषांतरात भावार्थाच्या जागी 'विश्वास' आहे. नुसत्या दिखाव्याच्या भक्तीलाही तिथे शब्द आहे. मत्तयच्या सहाव्या अध्यायात लोकांना दिसावं म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना 'ढोंगी' म्हटलं आहे, आणि आपल्या खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना कर असं सांगितलं आहे. मूळ ग्रीक शब्द 'हिपोक्रितेस', म्हणजे रंगमंचावरचा नट. त्याच्या जवळ जाणारा शब्द आपल्या सिंधुदुर्गात आहे: सोंग. फक्त दशावतारातला राजा सोंग घेऊन आला आहे हे समोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे त्यात फसवणूक नाही. मत्तयमधल्या माणसाला मात्र आपलं सोंग सोंग म्हणून ओळखलं जायला नको असतं. त्यामुळे भाषांतरात 'ढोंगी'च योग्य, असं माझं मत.

आता तुमचं लिखाण. 'श्रद्धा' लिहू नका. हल्ली श्रद्धा म्हटलं की अंधश्रद्धाही आपोआप पाठोपाठ येते, आणि आजोबांच्या मनात तसा वाद नव्हता. 'विश्वास' अर्थाने बरोबर आहे, पण तो दुकानदारावरही ठेवता येतो. 'भावार्थ'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्धी ओळ अर्थाची जोडा. 'आसा'चं 'आहे' आणि 'नाय'चं 'नाही' करण्याचा मोहही टाळा.