‘एकोणीस’मधला ‘एकोण’ म्हणजे काय? असे उलटे आकडे फक्त मराठीतच आहेत का?

तुमचा प्रश्न असा होता: मुलगी दुसरीत आहे, ती विचारते की अठरानंतर ‘नऊदहा’सारखं काहीतरी यायला हवं, मग मधेच ‘एकोणीस’ कुठून आलं, आणि हा गोंधळ आपण मराठी लोकांनीच घालून ठेवला आहे का?

मी भाषेचा प्राध्यापक नाही. नागपुरात बर्डीवर माझं मोबाईल रिचार्जचं दुकान होतं, आणि या ‘एकोण’नं मला रोख नुकसान केलं आहे. तेव्हापासून मी त्याच्या मागे लागलो.

आधी शब्द. संस्कृतात ‘ऊन’ म्हणजे कमी. एक + ऊन + विंशति, म्हणजे एकानं कमी वीस: एकोनविंशति. त्याचं झिजून एकोणीस झालं. (आमच्याकडे मे महिन्यात जे ऊन पडतं त्याचा इथे काही संबंध नाही, ते ‘उष्ण’वरून आलं.) हा कमीवाला ‘ऊन’ आपण रोज वापरतो, फक्त ओळखत नाही. उणे, उणीव, उणंदुणं, सगळी त्याचीच पोरं. आणि ‘पाऊण’सुद्धा! पाद म्हणजे चौथा हिस्सा. पाद + ऊन, पाव कमी. पावणेदोन वाजले म्हणजे दोनाला पाव कमी. मुलीला घड्याळ येत असेल तर एकोणीस तिला तिथूनच समजवा. जी युक्ती पावणेदोनात, तीच एकोणिसात.

आता ‘फक्त मराठीत का’. मुळीच नाही. हिंदीत उन्नीस, बंगालीत ऊनिश, गुजरातीत ओगणीस. फरक इतकाच की हिंदी-बंगालीनं पुढचा ‘एक’ गाळला आणि नुसता ‘ऊन’ ठेवला. किती कमी ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. मराठीनं ‘एक’ जपून ठेवला. या बाबतीत आपला हिशेब जास्त चोख आहे असं माझं मत.

रोमन लोकही तेच करायचे. लॅटिनमध्ये एकोणीस म्हणजे ‘उन्देविगिन्ती’, विसातून एक. ते तर आपल्याही पुढे गेले: अठरा म्हणजे ‘दुओदेविगिन्ती’, विसातून दोन. गंमत म्हणजे बोलताना असं वजा करणारे हे लोक लिहिताना मात्र तितके ठाम नव्हते. रोमच्या कोलोसियमच्या दारांवर जे क्रमांक कोरले आहेत त्यात चाळीस हा पन्नासातून दहा वजा करून लिहिला आहे, पण त्याच 44 क्रमांकाच्या दारावर पुढचा चार मात्र चार उभ्या रेघा मारून. आणि लॅटिनच्या लेकी पाहा: फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, तिघींनीही वजाबाकी टाकून दिली आणि ‘दहा-नऊ’ सुरू केलं. आपण संस्कृतची वजाबाकी सोडली नाही, त्यांनी लॅटिनची सोडली.

इंग्रजीचं ‘नाइन्टीन’ सरळ नऊ आणि दहा आहे. पण जुन्या इंग्रजीत ‘वना’ हा शब्द लावून ‘एकानं कमी तीस’ अशा धर्तीवर आकडा सांगायची एक रीत होती. हा ‘वना’ आणि आपला ‘ऊन’ एकाच मुळातून निघालेले आहेत. आजच्या इंग्रजीतले कमी होत जाण्यासाठीचे ‘वेन’ आणि मूळ अर्थ ‘उणीव’ असलेले ‘वॉन्ट’ हे त्याच घरातले. हे मला कळलं त्या दिवशी मी दुकानात बसून उगाच हसलो होतो. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं त्याचा फोन बघून हसून राह्यलो.

दक्षिणेत ही गोष्ट एकोणिसावर थांबत नाही, थेट नवावर जाते. कन्नडमध्ये दहा ‘हत्तु’ आणि नऊ ‘ओंबत्तु’. तमिळमध्ये दहा ‘पत्तु’ आणि नऊ ‘ओन्बदु’. नवाच्या पोटात दहा बसलेले ऐकू येतात की नाही? ‘दहाला एक कमी’ असा त्याचा अर्थ लावतात. तमिळमधला नव्वद तर आणखी मजेशीर: ‘तोण्णूरु’, आणि ‘नूरु’ म्हणजे शंभर. नऊशे म्हणजे ‘तोळ्ळायिरम्’, आणि ‘आयिरम्’ म्हणजे हजार. दर वेळी पुढच्या टप्प्याचं नाव आधीच लागतं.

नायजेरियातली योरुबा भाषा या सगळ्यांची आजी म्हणावी. तिथे चौदापर्यंत दहात मिळवतात, आणि पंधरापासून विसातून वजा करायला लागतात: विसाला पाच कमी, चार कमी, तीन कमी. तुमच्या मुलीला सांगा, आपल्याकडे दहा आकड्यांत एकच उलटा आहे, तिकडच्या पोरांना पाच आहेत.

माझं नुकसान कसं झालं ते आता सांगतो. नागपूर आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची आणि मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे इथल्या माणसाच्या तोंडात मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात असते. आकडे तर हमखास मिसळतात. एक भाऊ आले, नंबर सांगितला, त्यात ‘उन्यासी’ होतं. हिंदीत उन्यासी म्हणजे 79, ऐंशीला एक कमी. मी ऐकलं ‘यासी’, आणि डोक्यात बसलं नवासी, म्हणजे 89. पैसे गेले कुणा तिसऱ्याच्याच फोनवर.

‘अरे भाऊ, मी उन्यासी बोललो न, नवासी काहून टाकलं?’

काहून टाकलं! त्याचं उत्तर हिंदीच्या व्याकरणात आहे. एकोणीसपासून एकोणऐंशीपर्यंत हिंदी इमानानं वजाबाकी करते, आणि 89ला अचानक मिळवणी: नवासी, ऐंशीवर नऊ. मराठी तिथेही ठाम, एकोणनव्वद. बंगालीही ‘ऊन’ सोडत नाही, ऊननब्बई. मात्र 99ला मराठीही शरण जाते: नव्याण्णव, म्हणजे नव्वदावर नऊ. एकोणशंभर कुणी म्हणत नाही. संस्कृतात दोन्ही रीती चालायच्या, नवनवति आणि एकोनशत. आपल्या वाट्याला पहिली आली. त्यामुळे मुलीनं उद्या ‘एकोणशंभर’ म्हटलं तर रागावू नका. तिनं नियम बरोबर लावला आहे, नियमच शेवटच्या पायरीवर घसरला आहे.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या आकड्यांना मुलं अडखळतात. जुनी नावंही पुस्तकात होतीच. लोकांनी मात्र भाषा बुडाली म्हणून गळा काढला. नॉर्वेत याच प्रकारचा बदल 1951मध्ये सरकारी निर्णयानं झाला. ‘एक-वीस’ म्हणायचं सोडून ‘वीस-एक’ म्हणा, असं ठरलं. आणि त्यामागे टेलिफोन खात्याची सोय हे मोठं कारण होतं, कारण नंबर ऐकताना चुका होत होत्या. म्हणजे माझं दुखणं नॉर्वेच्या टेलिफोनवाल्यांना माझ्या आधीच झालं होतं. तरी तिथली बरीच माणसं अजून जुन्या पद्धतीनं बोलतात.

माझं विचाराल तर शिकवताना दोन्ही सांगा आणि फोन नंबर एकेक आकडा करून घ्या. नुकसान झाल्यापासून मी तेच करत होतो.

जाता जाता एक, कारण ते राहवत नाही. अडीच म्हणजे काय? ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा. दोन पूर्ण, तिसऱ्यातला अर्धाच. डॅनिशमध्ये पन्नासाला ‘हाल्वत्रेस’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ ‘तिसरा अर्धा, गुणिले वीस’. अडीच विसा पन्नास! आणि जर्मनमध्ये दीडला ‘आन्डरथाल्ब’ म्हणतात, दुसरा अर्धा. आपला दीडही त्याच घाटाचा. पूर्वी पोरांकडून दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घ्यायचे. तो औट म्हणजे साडेतीन, चौथा अर्धा.

दुकानात भिवापूरकडची एक भाजीवाली आजी यायची. तिला अठ्ठावन्न म्हणता येत नसे. चिल्लर मोजून काउंटरवर ठेवायची आणि म्हणायची, ‘दोन कमी तीन विसा हायेत बापा, मोजून घे.’ मोजले की अठ्ठावन्नच निघायचे.