आधी ओल, मग रंग

प्रश्न : अनेक वर्षे अडगळीने भरलेल्या, एकच गाडी मावेल एवढ्या गॅरेजमध्ये जुनी मोटार पूर्ववत करण्याचे काम सुरू करायचे आहे. जमिनीला लगेच इपॉक्सी रंग (दोन घटक मिसळून लावायचा, वाळल्यावर कडक थर बनणारा रंग) द्यावा का?

उत्तर : घाई करू नये. जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून २४ तास ठेवावा. कागदाखाली पाणी साचले तर ओल जमिनीतून येते आहे, आणि अशा जमिनीवरील इपॉक्सीचे पापुद्रे निघतात. गाडीखाली काम करण्यासाठी खड्डा खणण्याचा मोह (तो बहुतेकांना होतो) टाळलेला बरा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साठून राहते आणि एका ठिणगीने पेटू शकते. नुसत्या जॅकच्या भरवशावर मात्र गाडीखाली कधीही शिरू नये; भक्कम स्टँड लावावेत.