डीव्हीची नोटीस आलीय, आता काय?

मागच्या अंकात बायकांनी डीव्हीचा, म्हणजे घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालचा, अर्ज कसा करायचा ते सविस्तर सांगितलं होतं, त्यावर समोरच्या बाजूची, म्हणजे नवऱ्यांची आणि सासरच्यांची पत्रं आली, काही चिडलेली, काही घाबरलेली. त्यातली तीन घेतेय. मी वकील म्हणून दोन्ही बाजूंच्या केसेस करते त्यामुळे कुणाला बरं वाटावं म्हणून गोड बोलणार नाही.

प्रश्न: बायको चार महिन्यांपासून माहेरी आहे. आता तिच्या गावच्या कोर्टातून डीव्हीची नोटीस आलीय, त्यात मी, आईवडील आणि लग्न होऊन दुसऱ्या शहरात राहणारी बहीण, सगळ्यांची नावं आहेत. मित्र म्हणतात पहिल्या तारखेला कुणीच जात नाही, नोटीस घेऊच नको. मला अटक होईल का? आणि केस तिच्याच गावात कशी काय?

मित्रांचं ऐकू नका, हे आधी. नोटीस नाकारली तरी ती बजावणारा तसा शेरा मारतो, कोर्ट बजावणी झाली असं धरू शकतं आणि मग तुमच्या गैरहजेरीत कलम 23 खाली एकतर्फी अंतरिम आदेश होऊ शकतो, आणि एकदा का पोटगीचा आकडा कागदावर चढला की तो खाली आणायला जो घाम गाळावा लागतो त्याच्या पावपट मेहनतीत आधीच म्हणणं (लेखी उत्तर) देता आलं असतं.

अटकेचं म्हणाल तर 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यातला कलम 12 चा अर्ज म्हणजे एफआयआर नाही. कोर्ट मॅजिस्ट्रेटचं असलं तरी मागण्या दिवाणी स्वरूपाच्या असतात, संरक्षण, राहायला जागा, पोटगी, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई. नुसत्या अर्जावर कुणी बेड्या घालत नाही. बेड्यांचा प्रश्न येतो कोर्टाने दिलेला संरक्षण आदेश मोडल्यावर, तो गुन्हा कलम 31 चा, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो अजामीनपात्र आहे. ‘तिला भेटायचं नाही, फोन करायचा नाही’ असा आदेश असेल तर मामाच्या फोनवरून निरोप धाडणं पण त्यातच येतं बरं का, लोक इथेच फसतात.

आणि ती राहते तिथे, अगदी तात्पुरती राहते तिथेही तिला अर्ज करता येतो, कायद्यात तशी सोय आहे (कलम 27), त्यावर चिडण्यात वेळ घालवू नका.

आता खरं काम. वकीलपत्र द्या, अर्जासोबतच्या सगळ्या कागदांच्या नकला मागा, संरक्षण अधिकाऱ्याचा (या कायद्याखाली नेमलेला अधिकारी) घरगुती घटना अहवाल असेल तर तोही. मग अर्ज घेऊन बसा आणि एकेक परिच्छेदासमोर पेन्सिलने लिहा, खरं, खोटं, अर्धवट. बहुतेक लोक वकिलाला सांगतात ‘सगळं खोटं आहे हो मॅडम’ आणि वकीलही तेच टाइप करून मोकळे होतात, असल्या म्हणण्याला कोर्टात काडीची किंमत नसते. तेच समजा अर्जात लिहिलंय की अमुक तारखेला रात्री नऊला मारहाण झाली आणि तुम्ही तेव्हा सेकंड शिफ्टला होतात, तर कंपनीचं हजेरीपत्रक, गेटच्या पंचिंगची नोंद आणि त्यावर एचआरचा सही-शिक्का, एवढा एक कागद तुमच्या वीस पानी भाषणापेक्षा जास्त बोलतो. आणि जिथे भांडण झालं होतं तिथे ‘झालं होतं, या कारणावरून झालं, मारहाण नव्हती’ असं लिहा. कबूल करण्यासारखं आहे ते कबूल केलं की उरलेल्या नकारावर विश्वास बसतो.

पोटगीसाठी दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाने 2020 मधे रजनेश विरुद्ध नेहा या निकालात त्याचा नमुनाच ठरवून दिलाय. नोकरी सोडून ‘बेरोजगार आहे’ म्हणायची आयडिया अनेकांना सुचते, जजसाहेबांनी ती हजार वेळा पाहिलेली असते. बँक स्टेटमेंट, ईएमआय, आईवडिलांचा औषधाचा खर्च, खरं तेच लिहा. ती कमावत असेल तर त्याचा पुरावा जोडा, आणि दुसऱ्या कुठल्या केसमधे पोटगी चालू असेल तर तेही सांगा, ती रक्कम विचारात घ्यावी लागते.

बहीण कधी त्या घरात एकत्र राहिलीच नसेल तर तिचे रहिवासाचे कागद लावून तिला वगळायचा अर्ज करा. सगळ्या नातेवाइकांना मोघम आरोपांवर ओढू नये असं सुप्रीम कोर्टाने 498अ च्या (सासरच्या छळाचा फौजदारी गुन्हा) केसेसमधे वेळोवेळी म्हटलंय, 2010 चा प्रीती गुप्ता आणि 2022 चा कहकशां कौसर हे निकाल वकिलांना तोंडपाठ असतात. डीव्हीचा अर्ज रद्द करायला हायकोर्टात जाता येतं हे 2025 मधे स्पष्ट झालंय पण तिथेही हायकोर्टाने हात आखडता ठेवावा असंच सांगितलंय, तेव्हा पहिल्याच दिवशी हायकोर्टाची स्वप्नं दाखवणाऱ्या वकिलापासून जरा जपून. अंतरिम आदेश चुकीचा वाटला तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत सेशन्स कोर्टात अपील आहे, पण अपील केलं म्हणून पोटगी आपोआप थांबत नाही, स्टे मिळेपर्यंत भरत राहा, आणि भराल ती बँकेतून, हातात रोख देऊन नाही. कायदा म्हणतो 60 दिवसांत निकालाचा प्रयत्न करा. प्रत्यक्षात तारखा पडतात, तयारी ठेवा.

प्रश्न: मी 62 वर्षांची आहे. घर माझ्या नावावर. मुलगा वेगळा राहायला गेला, सून घरातच आहे आणि तिने माझ्यावरही डीव्ही टाकलीय. बाईवर बाई केस करू शकते का? घर माझं आहे, मी कुलूप बदलू का?

काकू, कुलूप अजिबात बदलू नका! आज तुम्ही केसमधे ताठ मानेने उभ्या आहात, कुलूप बदललंत की तिच्या अर्जातला एक परिच्छेद तुम्हीच सिद्ध करून दिलात.

बाईवर केस होते, हो. केस कुणावर करता येते ते सांगताना कायद्यात आधी ‘प्रौढ पुरुष’ असे शब्द होते ते सुप्रीम कोर्टाने 2016 मधे हिरल हरसोरा या निकालात काढून टाकले. आणि घर सासूच्या नावावर आहे म्हणून सुनेला तिथे हक्कच नाही हे जुनं मत 2020 च्या सतीशचंदर आहुजा निकालाने मोडीत काढलं. पण तोच निकाल हेही सांगतो की हा हक्क कायमचा आणि अमर्याद नाही, म्हाताऱ्या सासूसासऱ्यांनाही शांतपणे जगायचा हक्क आहे आणि कायदेशीर मार्गाने तिला घर सोडायला सांगता येतं. तुमच्यासाठी मधला रस्ता म्हणजे तिला तशाच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचं भाडं द्यावं असा आदेश मुलाविरुद्ध मागणं, कलम 19 मधे ती तरतूद आहे. आणखी एक, बाईमाणसाला घराबाहेर काढायचा आदेश त्या कलमात देता येत नाही, तेव्हा ‘सून मला बाहेर काढेल’ ही भीती मनातून काढा. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखाली अर्ज होतो, फक्त तो सुनेला झटपट हाकलायचं हत्यार म्हणून चालत नाही, तिचा डीव्हीतला हक्कही बघावाच लागतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट नाही, केस तुमच्यावर असली तरी.

प्रश्न: रागात दोन वेळा हात उचलला, माफीही मागितली. ती आता 498 पण करणार म्हणते. वकील म्हणतात सगळं नाकारा आणि आपणही तिच्यावर चोरीची केस टाकू. तिच्या शिव्यांचे रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत.

चोरी झालीच नसेल तर ती केस टाकू नका, खोटी फिर्याद हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि असं सुचवणारा वकील बदला.

1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना 498अ ऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम 85 लागतं, शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा अजामीनपात्र आहे पण अर्नेश कुमार निकालापासून, म्हणजे 2014 पासून, अशा गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, अटक गरजेची का ते लिहून ठेवावं लागतं, नाहीतर आधी हजर राहायची नोटीस द्यायची. ती नोटीस आली की वेळेवर जा, पोच घ्या. धास्ती वाटत असेल तर सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करून ठेवा.

गप्प बसायचा हक्क तुम्हाला आहे, फिर्यादीला आरोप सिद्ध करू द्यायचाही आहे. पण शपथेवर खोटं बोलायचा हक्क कुणालाच नाही. वकिलाला दोन्ही वेळचं सगळं खरं सांगा, तिने दवाखान्यात दाखवलं होतं का, तुम्ही माफीचे मेसेज केलेत का. ते मेसेज डिलीट करू नका, तिच्या फोनमधे ते आहेतच. खरं सांगितलंत तर बचावाला जागा उरते: जे घडलं त्याच्यावर चढवलेले आरोप वेगळे काढता येतात, हुंड्याचा मुद्दा नसेल तर तो खोडता येतो, पोटगी आणि वेगळ्या घराचा प्रस्ताव स्वतःहून देता येतो. तडजोड झालीच तर एफआयआर दोघांच्या संमतीने हायकोर्टातून रद्द होते, पण ती ठरवायची वकील किंवा मध्यस्थांमार्फत, तुम्ही एकट्याने तिच्या दारात जाऊन नाही.

रेकॉर्डिंग चालतं, नवराबायकोमधलं चोरून केलेलं संभाषणही पुरावा होऊ शकतं असं सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मधे म्हटलंय. मूळ फोन जपून ठेवा, कॉपी देताना नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. पण आधी स्वतः पूर्ण ऐका. तिच्या शिव्यांच्या आधी तुमचा आवाज काय बोलतोय ते उलटतपासणीत तिचा वकील वाजवून दाखवणार आहे.